प्लग पुन्हा काळा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात चहाच्या गाळणीवरून भांडण झालं. गाळणी आईची होती, असं आईचं म्हणणं. घरातली कुठलीही वस्तू गाडीच्या उपयोगाची ठरेपर्यंतच आईची असते, असं बाबांचं. त्या रविवारी सकाळी त्यांनी गाळणीतून पेट्रोल गाळलं, गाळणी साबणाने धुतली, जागच्या जागी ठेवली आणि वर चहाही मागितला. चहा सगळ्यांना मिळाला. पहिला घोट घेऊन आई कप हातात धरून अंगणात आली.

“हे काय पाजून राहिले तुमी मला?”

“चहा तूच केला की,” बाबा म्हणाले.

“ह्याला पेट्रोलचा वास हाय.”

“मग चांगलंच हाय. आज तुला दोन किका कमी लागतील.”

मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. बाबा स्पार्क प्लगला पॉलिश पेपर घासत होते. घासून झाल्यावर त्यांनी तो उन्हात धरला, सोनार दागिना धरतो तसा. “बघ पोरी, बिस्किटाचा रंग पाहिजे. काळा पडला की समजायचं, गाडीचं पोट बिघडलं.” मी “हं” म्हटलं आणि पान उलटलं. दुपारी वांग्याची भाजी होती. संध्याकाळी वीज गेली आणि आली. लक्षात ठेवावं असं त्या दिवसात काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. ही गोष्ट गाडीची आहे.

गाडी म्हणजे मोटारसायकल, मूळची सरकारची. बाबा, म्हणजे भीमराज, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याच्या भरावावरून आणि काळ्या रानातून हिंडायला खात्याने त्यांना ती दिली होती. पुढे खात्याने ती निकामी ठरवून लिलावात काढली, तेव्हा बोली लावायला बाबा एकटेच हजर होते. मग त्याच निकामी गाडीवर त्यांनी निवृत्तीपर्यंत त्याच खात्याची नोकरी केली. पावसाळ्यात चिखल मडगार्डात गच्च बसून चाक अडतं, म्हणून त्यांनी पुढचं मडगार्ड काढून टाकलं. सायलेन्सर उचलून वर बांधला. जाड गुठळ्यांचे टायर घातले. हल्लीची पोरं मोबाईलवर डोंगरावरून उड्या मारणाऱ्या डर्ट बाईका बघतात. हिंगोलीत आमच्या कॉलनीत तसली एक आधीपासून होती, फक्त उडी मारत नव्हती. इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलच्या टाकीतच मापाने तेल मिसळायचं, ते तेल पेट्रोलबरोबर जळायचं, आणि मागे बारीक निळा धूर सोडत गाडी जायची. त्या धुरावरून बाबा कुठे वळले हे कॉलनीला कळायचं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भंतेजींचं भोजन होऊन माणसं पांगल्यावर, प्रेमदासमामांनी विषय काढला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कुठल्याही प्रसंगात कागदपत्रांची बाजू पाहणारं एक माणूस घरात असावं लागतं, आमच्याकडे ते मामा आहेत.

“दाजीच्या गाडीचं पासिंग संपून राहिलं पुढल्या महिन्यात,” ते म्हणाले. “गाडी तर आता ह्या पोरीच्या, करुणाच्या नावानं करावीच लागंल. त्याच्यासाठी पासिंग पाहिजे, पासिंगसाठी गाडी चालू पाहिजे. आरटीओचा साहेब सोता किक मारून बघतो. न्हाई झाली चालू तर भंगार.”

आई त्या दिवसांत जवळजवळ बोलायची बंद झाली होती. विचारलेल्या प्रश्नाला मानेने उत्तर द्यायची. तिने मामांपुढचं ताट उचललं आणि म्हणाली, “गाडी भंगारात जाणार न्हाई.”

एवढंच. ताट घेऊन ती आत गेली. तिने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं, त्यामुळे त्याला घटनेच्या कलमासारखं वजन आलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझं लायसन गिअरच्या गाडीचं आहे, पण मी स्कुटी चालवते. यंत्रांविषयीची पुस्तकं मी वर्गवारीप्रमाणे कपाटात लावते आणि ती कुणी मागत नाही याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढली. पुष्कळ किका मारल्यावर ती सुरू झाली, गेटपर्यंत गेली, खोकली आणि बंद पडली. प्लग काढला. काळा कुळकुळीत, वर ओलसर. दोन टोकांच्या मधल्या फटीत काजळीचा केसभर पूल बांधला गेला होता. ठिणगी उडायला जागाच नव्हती.

“पोट बिघडलं,” शेजारून आवाज आला.

आमच्या नि उकंडरावांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर कोपरं टेकून उकंडराव जगाकडे बघतात. ते कोषागारातून निवृत्त झालेत. त्यांनी आयुष्यभर सायकल चालवली, त्यामुळे मोटारसायकलीबद्दलचं त्यांचं मत पूर्ण निःपक्षपाती असतं.

“प्लग भाज,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“ग्यासवर. लाल व्हईस्तोर. ओल जाती त्याची.”

म्हणून मी प्लग भाजला. एका शेगडीवर आई भाकरी करत होती, दुसऱ्या शेगडीवर चिमट्यात प्लग धरून मी उभी होते. आईने एकदा प्लगकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि भाकरी उलटली. भाजलेल्या प्लगवर गाडी कॉलनीच्या टोकापर्यंत गेली. परत मी ती ढकलत आणली. तिसऱ्या दिवशी प्लग पुन्हा काळा. आता माझ्या पर्समध्ये पॉलिश पेपर, प्लगपाना आणि दोन जादा प्लग राहू लागले. वाचनालयात एका प्राध्यापकांना मी पेन म्हणून प्लग काढून दिला.

चौथ्या दिवशी निर्मलाबाई, उकंडरावांच्या सौभाग्यवती, लिंबू-मिरची घेऊन आल्या.

“नजर लागली गं हिला. माणूस गेलं की लोक वस्तूवर डोळा ठिवतात.”

“आमच्यात न्हाई तसलं,” आई आतून म्हणाली.

“तुमच्यात नसंल बाई, पन गाडी सरकारी व्हती ना? तिचा धर्म कोणी इचारला?”

या युक्तिवादाचं उत्तर मी नंतर अनेक ग्रंथांत शोधलं. आईने लिंबू घेतलं, निर्मलाबाईंना त्याचंच सरबत करून पाजलं आणि मिरच्या वरणात टाकल्या. त्या दिवशी प्लग काळा पडला तेव्हा निर्मलाबाईंनी भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. मोठं मन आहे त्यांचं.

शेवटी मी गाडी ढकलत डेपोमागच्या मुंजाजीच्या गॅरेजात नेली. मुंजाजीने प्लग हातात घेतला, हुंगला, दुसऱ्या गिऱ्हाइकालाही हुंगवला आणि निदान केलं.

“ताई, गाडी रिच चालून राहिली.”

आमच्या घराण्यात हा शब्द प्रथमच कुणाला तरी लागू होत होता, पण मुंजाजीने लगेच खुलासा केला. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळी तुकडा असतो, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून जितकं पेट्रोल येईल तितकं इंजिन पिणार. भोक मोठं असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी, आणि प्लग काळा. “जुना झाला जेट. भोक झिजून मोठं झालं. बारका टाकावा लागंल. पन ह्या गाडीचा जेट आता भेटत न्हाई.”

“मग?”

“कनेरगाव नाक्याला एक भंगारवाला हाय. त्याच्याकडं जगातलं समदं भेटतं. फक्त त्यालाच सापडत न्हाई.”

त्या संध्याकाळी मामा मोबाईल घेऊन आले. त्यांनी परदेशी माणसांचे व्हिडिओ बघितले होते. चिखलाने माखलेली गोरी माणसं टू-स्ट्रोक गाड्यांचे जेट बदलताना बघून मामांना आपल्या भाचीचं दुःख कळलं होतं.

“हवामानावर असतं हे समदं,” मामा म्हणाले. “उंचीवर जाशील तसा जेट बारका. आपली हिंगोली समुद्रापासून किती वर हाय?”

“पाण्याची टाकी धरून का बिगर टाकीची?” उकंडरावांनी भिंतीवरून विचारलं.

मी गॅझेटियर आणलं. उंची साडेचारशे मीटरच्या आसपास निघाली. मग प्रश्न असा आला की आमची कॉलनी स्टेशनपेक्षा वर आहे की खाली. उकंडरावांच्या मते पावसाचं पाणी आमच्याकडे येतं म्हणून खाली. मामांच्या मते पाणी येतं ते नाली तुंबते म्हणून. वाद नालीवर गेला, तिथून नगरसेवकावर, तिथून मागच्या निवडणुकीवर. मामांनी उघडलेला कार्बोरेटर सगळ्यांच्या मधे ताटलीत पडला होता. आई आली, तिने ताटलीवर दुसरं ताट झाकलं, आणि मला म्हणाली, “उद्या येताना गाडीच्या तेलाची बाटली घेऊन ये. संपत आली.”

मला बरं वाटलं. आई वस्तू संपल्याचं सांगू लागली होती.

रविवारी मी एसटीने कनेरगाव नाक्याला गेले. भंगारवाला ढाब्याशेजारी बाजेवर बसला होता. जेट म्हटल्यावर त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि चार डबे उपडे केले. बारका जेट सापडला नाही. त्यावर त्याने मी नमुना म्हणून नेलेला आमचाच जुना जेट भोक बुजवायला मागितला, पण तो मी देईना. “विश्वास न्हाई का?” तो दुखावून म्हणाला. मग त्याने दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा जेट घेतला, त्याचं भोक कथलाचा डाग देऊन बुजवलं, आणि शिलाई मशीनच्या सुईने नवीन पाडलं. उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. “लय बेस बसला.”

“किती नंबरचा झाला?” मी ग्रंथपाल असल्यामुळे विचारलं. नंबर नसलेली वस्तू मला जागेवर ठेवता येत नाही.

“बराबर नंबरचा झाला,” तो म्हणाला.

बराबर नंबरचा जेट मुंजाजीने बसवला. बाबांचा मूळ जेट मी कानातल्याच्या डबीत ठेवला. आता गाडी सुरू झाल्यावर किंचाळायची, लगेच तापायची, आणि प्लग? काळाच. मुंजाजीने कार्बोरेटरमधली सुई एक खाच खाली घेतली. मामांनी हवेचा स्क्रू दीड आटा ढिला केला. मामा गेल्यावर उकंडराव म्हणाले, दीड हा अपशकुनी आकडा, दोन कर. मी दोन केला. मुंजाजीने दुसऱ्या दिवशी तो परत एक केला आणि विचारलं, “कोणाचा हात लागला ह्याला?” प्रत्येक जण आपापला आटा फिरवून समाधानाने जात होता, आणि धूर मात्र वाढत होता. आता तो निळा नव्हता. पांढरा होता, दाट होता आणि खाली बसत नव्हता.

एका संध्याकाळी मी धीर करून कॉलनीला पूर्ण फेरी मारली. मागे वळून बघितलं तर बायका पाण्याचे हंडे झाकत होत्या. खिडक्या धडाधड बंद होत होत्या. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याने मला हात करून थांबवलं. “नगरपालिकेचं लय दिवसानं ध्यान गेलं, बाई. डासांनी जीव नको केला व्हता.” मी त्यांना वस्तुस्थिती सांगायला तोंड उघडलं, पण गाडी बंद पडण्याच्या भीतीने पुढे गेले. रात्री आम्ही अंगणात जेवत असताना उकंडराव भिंतीवरून म्हणाले, “उद्या जरा आमच्या मागल्या नालीकडून घे. तिकडं जास्ती हायेत.”

प्रदूषणाचं प्रमाणपत्र लागतं म्हणून मी गाडी तपासणीच्या व्हॅनपाशी नेली. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घालायला म्हणून हात पुढे केला. मी किक मारली. धूर विरल्यावर तो मला व्हॅनच्या पलीकडे उभा दिसला, नळी छातीशी धरून.

“मॅडम,” तो म्हणाला, “माझं मशीन नवं हाय.”

कागदपत्रांची बाजू सोमेश्वर या एजंटाकडे होती. सोमेश्वर टपरीवजा टेबलावर बसून लोकांचे अर्ज भरून देतो. मामांनी त्याची शिफारस “आपला माणूस” अशी केली होती. त्याने माझे कागद पत्त्यांसारखे लावले आणि एकावर बोट ठेवलं.

“मूळ मालकाची सही ऱ्हायली.”

मी बाबांच्या मृत्यूचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं.

“हे बराबर हाय. पन सही?”

“सही होणार नाही.”

“काहून? गावाला गेलेत?”

मी प्रमाणपत्रावर बोट ठेवलं. मला वाटतं, महिनाभर मी असंच करत होते. कुणी काही विचारलं की कुठल्यातरी कागदावर बोट ठेवायचं. सोमेश्वरने खालचा मजकूर वाचला, पेन ठेवलं, आणि प्रमाणपत्र दोन्ही हातांनी माझ्याकडे परत सरकवलं.

“मंग असं करा,” तो म्हणाला. “सही तुमीच करा. पन त्यांच्यासारखी करू नका.”

त्या महिन्यात मला मिळालेला हा सर्वांत शहाणा सल्ला होता. पुढे त्याने गाडी बघितली आणि म्हणाला, “पुढलं मडगार्ड कुठाय? मडगार्डाबिगर साहेब हात लावत न्हाई.”

मडगार्ड शोधायला दोन दिवस लागले. ते मागच्या अंगणात होतं. आईने ते उलटं करून विटांवर मांडलं होतं, माती भरली होती, आणि त्यात कोथिंबीर लावली होती. इतकी वर्षं आम्ही ती कोथिंबीर वरणात घालत होतो, पण ती कशात उगवते हे मी बघितलेलं नव्हतं. आईने कोथिंबीर उपटली, माती रिकामी केली, मडगार्ड घासून धुतलं आणि माझ्या हातात दिलं.

“पास व्हईल ना?” ती म्हणाली.

“होईल.”

“तू पुस्तकात बघून सांगू नको. खरं सांग.”

“होईल, आई.”

मला मुळीच खात्री नव्हती. तपासणीची तारीख दुसऱ्या दिवशीची होती, पुढची तारीख मुदत संपल्यानंतरची. गाडी डास मारण्याखेरीज कुठल्याही कामाची राहिलेली नव्हती.

तपासणीच्या सकाळी मी लवकर उठले. पाणी तापवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर खिडकीतून आई दिसली. ती गाडीपाशी उभी होती. तिने टाकीचं झाकण उघडलं, तेलाच्या बाटलीचं टोपण काठोकाठ भरलं, एक थेंब सांडू न देता टाकीत ओतलं, टोपण टाकीच्या कडेला निथळू दिलं, पदराने पुसलं आणि बाटलीला लावलं. हे सगळं इतक्या सरावाने, की हे रोजचं आहे हे मला विचारायची गरज नव्हती. तरी मी बाहेर जाऊन विचारलं.

“काय करतेस, आई?”

“तेल टाकून राहिले.”

“रोज?”

“रोज. तुझे बाबा म्हणायचे, पेट्रोल विसरलं तर गाडी नुसती थांबती, तेल विसरलं तर मरती. तुला कुठं ध्यानात ऱ्हाणार? तुझं डोस्कं जेटात. म्हणून मीच टाकते, तवापासून.”

बाबा तेल टाकायचे ते पेट्रोल भरलं की, लिटरच्या मापाने. आई टाकत होती ते दिवसाला टोपणभर, पेट्रोल भरो न भरो. उभ्या गाडीच्या टाकीत तेल खाली बसत होतं आणि आधी तेच इंजिनात जात होतं. इकडे मुंजाजी, मामा, उकंडराव, कनेरगावचा भंगारवाला आणि मी, आम्ही सगळे मिळून हवा, उंची, भोक आणि आटे मोजत होतो. टाकीत बोट बुडवून बघावं असं एकालाही वाटलं नव्हतं.

सांगायला हवं होतं. वाक्य सोपं होतं: आई, तुझ्या तेलानेच गाडी बिघडली. पण ती बाटली कुशीत धरून उभी होती. महिनाभर तिने नेमाने केलेलं हे एकच काम होतं. जेवण नेमाने नव्हतं, झोप नेमाने नव्हती. हे होतं.

“बरं केलंस,” मी म्हणाले.

आणि गाडी ढकलत मुंजाजीकडे नेली. त्याने शटर नुकतंच वर केलं होतं. मी त्याला टाकी खाली करायला सांगितली. नळीतून आलं ते आधी काकवीसारखं होतं, मग जरा पातळ काकवीसारखं.

मुंजाजी बादलीत वाकून बघत राहिला.

“ताई, ह्याच्यात भजे तळता येतील.”

“हो.”

“कोणी टाकलं एवढं तेल?”

“मी,” मी म्हणाले.

“तुमी?” त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “तुमी लायब्ररीत हाव ना?”

“हो.”

“तरीबी?”

“तरीही.”

त्याने पुढे काही विचारलं नाही, कारण त्याला ते लगेच शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगायचं होतं. पंक्चरवाल्याने डेपोत सांगितलं. उकंडराव सकाळचं वर्तमानपत्र आणायला डेपोपर्यंत चालत जातात. मी घरून जेटची डबी आणायला निघाले आणि ते वाटेत मला भेटले, तेव्हा बातमी त्यांच्याकडे आधीच पोचली होती. “वाचून वाचून असंच व्हतं,” ते फार मायेने म्हणाले. “माझ्या चुलतभावाचंबी झालं व्हतं.” मी मान डोलावली. एका सकाळीत माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीची अब्रू हिंगोलीभर गेली, आणि ती परत मिळवायचा एकमेव मार्ग मला बंद होता.

डबीतून बाबांचा जेट काढला. मुंजाजीने कथलाचा जेट काढून तो बसवला, सुई मधल्या खाचेवर आणली, स्क्रू सगळ्यांच्या मतांआधी होता तिथे नेला. ताजं पेट्रोल, मापाचं तेल, नवा प्लग, आणि पुढे मडगार्ड. पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. मुंजाजीने मूठ पिळली, कान दिला आणि म्हणाला, “हां. हा आवाज व्हता तिचा.”

प्रदूषणवाल्याने मला लांबून ओळखलं आणि व्हॅनचं दार ओढून घेतलं. पण किक मारल्यावर तो हळूच बाहेर आला, आणि नळी घातली. कागद छापून देताना तो म्हणाला, “दुसरी आणली का?”

तपासणीच्या मैदानात साहेबांनी दिवा बघितला, हॉर्न वाजवला, किक मारली, गाडी एक चक्कर फिरवून आणली. मग ते पुढच्या मडगार्डापाशी वाकले. साहेबांनी मडगार्डाच्या आतल्या वळणातून दोन बोटांनी काहीतरी उपटलं आणि माझ्यापुढे धरलं. कोथिंबिरीची एक काडी होती, मुळासकट.

“ही तुमची,” ते म्हणाले, आणि पास म्हणून सही केली.

मैदानात आलेल्या मामांनी तिथूनच नातेवाइकांना फोन लावायला घेतले. जेट बदलल्यामुळे झालं, असं ते प्रत्येकाला सांगत होते. मी गाडी घेऊन निघाले. स्टेशनच्या रस्त्याने, बाजारातून, हळदीच्या गाड्यांच्या रांगेला वळसा घालून. वाटेत मी आईला सांगायचं वाक्य तयार करत होते. आई, तेल यापुढेही तूच टाक, फक्त मी पेट्रोल भरून आणीन त्या दिवशी, माझ्यासमोर. कुणाला दोष न लागता काम होईल असं वाक्य होतं. दोनदा दुरुस्त केलं. माझ्या मते ते चांगलं झालं होतं.

कॉलनीत वळले. महिनाभर मी याच गाडीवर किंवा गाडीच्या मागून ढकलत याच वळणावर येत होते, आणि रोज उतरून गेट मीच उघडत होते. आज गेट उघडं होतं. आई ते धरून उभी होती. हाताला ज्वारीचं पीठ, पायात चप्पल नाही. बाबा वळणावर आले की ती आवाज ओळखायची आणि ते पोचायच्या आत गेट उघडून धरायची, कारण थांबवलेली गाडी पुन्हा सुरू होईलच याची त्यांना खात्री नसायची. गेले महिनाभर गाडीने तो आवाज एकदाही काढला नव्हता. आज काढला, आणि आई धावत आली होती.

ती रस्त्याकडे बघत होती. मग तिला मी दिसले.

“आवाज आला म्हणून...” ती म्हणाली. आणि ती हाताचं पीठ गेटाला पुसू लागली.

मी गाडी बंद केली. पास झाल्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता. नुसता काढून दाखवला असता तरी चाललं असतं. भिंतीवर उकंडराव होते, त्यांच्यामागे निर्मलाबाई. दोघंही आज काही सल्ला देत नव्हते. तेलाचं वाक्य माझ्या तोंडाशी अगदी तयार होतं.

“आई,” मी म्हणाले, “मला बाबाबिगर करमत न्हाई.”